दादांची फटफटी आणि जावयाचे डोहाळे

बिनकामाचं फिरणं हेच एक मोठं काम आहे, आणि ते माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतक्या निष्ठेने करणारा माणूस गोंदियाकडच्या साऱ्या झाडीपट्टीत झाला नसेल. घरात त्यांना दादा म्हणत. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली एक फटफटी त्यांनी बिरशीच्या विमानतळावरून आणली आणि बापलेकांत दोन तट पडले. सासऱ्यांच्या मते फटफटी कामापुरती. ओसरीवर, त्यांच्या भाषेत सपरीत, बसून ते ओरडत, "हवाच खाची असन त सपरीत बस ना बे! हवेसाठी पेट्रोल कायले जाळाचं?"

कामाला निघालेले दादा पाहावेत. बियाणं आणायला जाताना पाठ ताठ, टोपी कपाळावर, चेहरा कोर्टात तारीख असल्यासारखा. तेच दादा उगाच निघाले की टोपी खिशात, बेसूर गाणं इंजिनाच्या आवाजाच्या वर, आणि धान फुलोऱ्यावर असलं तर शेतातल्या बांधीच्या कडेला गाडी थांबवून नुसता वास घेत राहायचे. रस्ता तोच, गाडी तीच. मग बदलायचं काय? मागे बसून मी पुष्कळदा शोधलं, सापडलं नाही.

पण उगाच निघायचं कसं? तिथे मी उपयोगी पडलो. जावयाचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती. दादा कानाशी येऊन म्हणत, "जावईबापू, आज तुमाले काय खाव वाटून रायलं?" मी सासऱ्यांच्या देखत मान खाली घालून गोंदियाचं पान मागे, कधी जिलेबी. दादा वाटेबाहेरच्या नागरा गावाचा वळसा घेऊन दिवस कलता परतत. पान सुकलेलं, जिलेबी दगड झालेली. गोंदियाचा पानवालाही विचारी, "क्यों दादा, दामाद को फिर तलब लगी?" मी पान खातच नाही. बायको मात्र शरमेने मरे. "माह्या बापाच्या घरी येऊन इतकं खा-खा काऊन करता जी?" खरं काय ते सांगायची सोय नव्हती. दादांना शब्द दिला होता.

एका दिवाळीला तिने डोळ्यांत पाणी आणून बजावलं, आता काही मागायचं नाही. मी कबूल केलं. दुसऱ्या सकाळी आजारातून नुकते उठलेले सासरे धुतलेलं धोतर नेसून फटफटीजवळ उभे. हात सीटवर.

"जावईबापू, आज काही आणाचं नाई का?"

"नाही, मामाजी."

"जिलेबी तरी? मीच जातो मनलं, पोराच्या मांगं बसून."

त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलं नाही, असं मी आजवर मानत आलो. कळलं होतं. पण बायको दारात उभी होती आणि मला त्या दिवशी शहाणा जावई व्हायचं होतं. "खरंच काही नको," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यांनी हात काढला आणि सपरीत जाऊन बसले. थंडी सरायच्या आत ते गेले.

दादा अजून फिरतात. आता त्यांना कोणी काम विचारत नाही. "बाबाले हे गाडी कधी आवडलीच नाई," असं ते पुढून ओरडून सांगतात. मी मागे बसून ऐकतो. चालत्या फटफटीवर मागच्याचं बोलणं पुढे पोचत नाही, असं मी स्वतःला सांगत असतो.