तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?

हवालदार मन्मथ यांच्यावर अन्याय झाला. गेल्या जूनमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, आखातातल्या एका शहरात, गोदामाच्या चार नंबर गेटवर. आधी उन्हानं त्यांचा जीव घेतला. मग कंपनीच्या माणसानं उदगीरला फोन करून त्यांच्या बायकोला सांगितलं की तुमचा माणूस नशेत होता, वायरलेसवर काहीबाही बडबडत होता. कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. विषय संपवला.

ज्या माणसानं सतरा वर्षांच्या फौजेत कॅन्टीनची बाटली एकदाही तोंडाला लावली नाही, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय सकाळचा चहा घेतला नाही, त्याला मेल्यावर दारुडा ठरवलं. म्हणून हे लिहितोय. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की पोरं म्हणतात, मग शेजारच्या शहरात जातो.

मी अर्धापूरजवळच्या एका गावचा. चार वर्षं इन्फंट्रीत शिपाई होतो, त्यातला बराच काळ राजस्थानात. आता बाहेर आहे. लोहा, कंधार, उदगीर, जिथं भरतीची तयारी करणारी किंवा आखाताची वाट धरलेली पोरं भेटतात, तिथं उभा राहून बोलतो, पत्रकं वाटतो. पोरांचा प्रश्न ठरलेला असतो. भाऊ, तुम्ही वाळवंटात राहिलात, राहायला-कमवायला कोणतं शहर चांगलं?

सांगतो. जोधपूर मोठं. दवाखाने, रेल्वे, बाजार सगळं हाताशी, कामाला माणूस कायम लागतो. पण दगड दिवसभर तापतो आणि झोपायच्या वेळीही भिंतीला पाठ टेकवत नाही. जैसलमेर देखणं, पण ते पाहुण्यांचं शहर. हिवाळ्यात हॉटेलात काम मिळेल, उन्हाळा लागला की अर्ध्या दारांना कुलूप. पाणी मचूळ, तोंडात खारट चव राहते. बिकानेर मधलं. दूधदुभतं भरपूर, माणसं सावकाश बोलतात, शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. मन्मथ उस्तादांना बिकानेर फार आवडायचं. ते आमचे सेक्शन कमांडर. म्हणायचे, हे आपलं उदगीरच हाय, फकस्त काळ्या मातीच्या जागी वाळू घातली. रिटायर झालो की इथंच पेढ्याचं दुकान टाकतो. वहिनी येतील का, असं आम्ही विचारायचो. ते म्हणायचे, नळाला रोज पाणी येतंय एवढं कळू द्या तिला, आज रात्रीच्या गाडीनं निघंल. लातूरकडच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

आखातातलं ते शहर या तिन्हींपेक्षा सरस. रस्ते गुळगुळीत, खोलीत एसी, पगार ठरल्या दिवशी, पाणी चोवीस तास. 'मग तेच चांगलं की,' असं पोरं म्हणतात. तिथंच मी त्यांना थांबवतो.

फौजेत वाळवंटाची एक शिस्त असते. उन्हाळ्यात सगळी मेहनत सकाळी उरकायची. ऊन चढलं की हालचाल बंद. प्रत्येक जवानाला एक जोडीदार, बडी म्हणतात. तो तुमच्या पाण्यावर नजर ठेवतो, तुम्ही त्याच्या. कारण ज्याला ऊन लागतं त्याला स्वतःला कळत नाही. तो चालत राहतो, बोलत राहतो, मी ठीक आहे म्हणत राहतो. शरीर पडायच्या आधी डोकं फिरतं.

या शिस्तीत उस्तादांनी स्वतःची एक भर घातली होती. हॉल्ट झाला की ते रांगेतून चालत जायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, तुझ्या गावचा बाजार कोणत्या वारी? नाव, नंबर विचारायचे नाहीत. म्हणायचे, नंबर तर फौजी झोपेतही सांगतो. बाजाराचा वार आठवायला डोकं थंड लागतं. सगळ्यांचे वार त्यांना पाठ होते. माझा बुधवार. शेवटी आम्ही त्यांना विचारायचं. त्यांचा गुरुवार. हा प्रश्न कंटाळा येईपर्यंत विचारला जायचा. कधी कुणी मुद्दाम म्हणायचा, उस्ताद, आमच्या गावी मॉल झालाय. त्याला अर्धी बाटली पाणी तिथंच, त्यांच्यासमोर संपवावं लागायचं.

जैसलमेरच्या पुढे फायरिंग रेंजवर आमची एक्सरसाइज होती. मे महिन्याची अखेर. पाण्याची गाडी वाळूत रुतली. पुढच्या ऑब्झर्व्हेशन पोस्टवर चौघं जण होते, त्यांचं पाणी संपत आलं होतं. हुकूम आला, सेक्शननं जेरीकॅन पायी पोहोचवावेत. वेळ हालचाल बंद करण्याची होती. उस्तादांनी हुकूम घेतला आणि आम्हाला एवढंच म्हणाले की आज मी जास्त बोलणार हाय, चिडायचं न्हाई.

निम्म्या वाटेवर ते माझ्याजवळ आले. मला ते केळ्या म्हणत, केळीच्या बागांच्या अर्धापूरचा म्हणून.

"केळ्या, बाजार कोणत्या वारी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"वार सांग."

"शुक्रवार."

मला आजही वाटतं की मी बुधवार म्हणालो होतो. माझा बडी शपथेवर सांगतो, शुक्रवार म्हणालास. उस्तादांनी माझ्या खांद्यावरची रायफल काढून घेतली आणि मला खाली बसवलं. कपाळाला हात लावला. घाम नव्हता. मग वायरलेस सेट उचलला.

"टायगर, मैं वन. एक हीट कॅज्युअल्टी. मूव्ह बंद. ओव्हर."

"वन, पोस्ट तक पहुँचने में कितना समय? ओव्हर."

"मैं नहीं पहुँचता, सर. लडका बाजार का दिन भूल गया. ओव्हर."

"रॉजर. गाडी भेज रहा हूँ. आउट."

बूट काढले, शर्ट काढला, ग्राउंडशीटची सावली धरली. पोस्टसाठीच्या पाण्यातलं पाणी माझ्या मानेवर, काखेत, जांघेत. दोघं टोपीनं वारा घालत होते. गाडी आली, मी एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, जागा झालो तेव्हा हाताला सलाईन होतं आणि उस्ताद बाजूच्या स्टुलावर. पोस्टवर पाणी पोहोचलं का, हे मी विचारलं. पोहोचलं होतं, दुसऱ्या गाडीनं. मग त्यांनी मला वार विचारला. मी बुधवार म्हणालो. ते उठून जेवायला गेले.

पुढे चौकशी झाली. कोणाच्या हुकुमानं, किती वाजता, पाणी किती होतं, कोणी पाहिलं. कंपनी कमांडरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे जबाब झाले. लक्षात घ्या, मी मेलो नव्हतो. तरी चौकशी झाली.

उस्ताद रिटायर झाले आणि लातूरला आले. मुलगी गौरी तिथं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा क्लास करत होती. त्याच भागात एका क्लासच्या गेटवर त्यांना वॉचमनची नोकरी मिळाली. पत्र्याची केबिन, एप्रिल-मे. पोरं बाटल्या भरून वर एसीत जायची. त्यांना तिथं बाजाराचा वार कुणी विचारला नाही. तेव्हा वाळवंटी शहरांच्या यादीत लातूरही धरा, नांदेडही धरा. मी धरतो. वर्षभरानं एक एजंट भेटला आणि उस्ताद आखातात गेले.

त्या शहरातही उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा कायदा आहे. पण गेटवरचा माणूस खुर्चीत बसलेला असतो, डोक्यावर छप्पर असतं, म्हणून तो उघड्यावर नाही आणि त्याचं काम हे काम नाही, असं कंपनीनं धरलं. केबिनमधला एसी बंद पडला होता. उस्तादांनी तक्रार केली होती. मेकॅनिक येणार होता.

हे मला इलियासनं सांगितलं. इलियास नांदेडच्या देगलूर नाक्याकडचा, त्याच गोदामाच्या सात नंबर गेटवर. दोघं एका खोलीत राहायचे, उस्तादांना तो अप्पा म्हणायचा. उस्ताद पूजेला बसले की इलियास मोबाईलचा आवाज बंद करायचा, आणि रमजानमध्ये उस्ताद त्याला सेहरीला उठवायचे. तो सुट्टीवर घरी आला तेव्हा आम्ही चहाला बसलो. त्याचा चहा तसाच निवला.

"कंट्रोलवाला वायरलेस पे पूछा, गेट फोर, रिपोर्ट दो," इलियास म्हणाला. "अप्पा कुछ नै बोले. फिर पूछा. तो अप्पा मराठी में बोले."

"काय बोलले?"

"बोले, बाजार सोमवारी."

मी विचारलं, थट्टेत बोलले का?

"नै भाई. एकदम सीधे. हाजिरी देते वैसा. दो बार बोले. कंट्रोलवाला हसा, बोला, ये पी के आया क्या. मेरे को जमी नै वो बात. अप्पा और पीना? मैं गेट छोड के भागा."

तो पोहोचला तेव्हा उस्ताद खुर्चीत ताठ बसलेले होते, टोपी डोक्यावर. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. श्वास चालू होता. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा नव्हता. गेट सोडल्याबद्दल इलियासला कंपनीनं लेखी वॉर्निंग दिली.

मी त्याला पुन्हा विचारलं, वार नक्की कोणता? तो म्हणाला सोमवार, सोमवारच, मैं मरते दम तक नै भूलता. पण वो बोले कायको, भाई, ये मेरे को आज तक नै समझा.

मी त्याला समजावून सांगितलं. उस्ताद एकटे होते. वार विचारणारं कुणी नव्हतं. कंट्रोलनं रिपोर्ट मागितला तेव्हा त्यांनी तो प्रश्न ऐकला, जो ते आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले. आणि उत्तर चुकलं. आमच्या सेक्शनमधला सगळ्यात नवा शिपाई त्या चॅनलवर असता, तरी त्यानं हातातलं टाकून धाव घेतली असती. तिथं होता तो माणूस हसला.

दुसऱ्या दिवशी मी उदगीरला गेलो. महानंदा वहिनी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. नशेची गोष्ट गावभर झाली होती. दुकानात बाया मागून बोलायच्या. वहिनी मला म्हणाल्या होत्या की भाऊजी, गेले ते गेले, पण हे खरं हाय का एवढं मला कळू द्या. गौरीनं क्लासला जाणं सोडलं होतं.

मी सगळं सांगितलं. ड्रिल, हॉल्ट, वार, माझा शुक्रवार. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, फौजेतलं ते घरी बोलायचे नाहीत. मशीन चालूच होतं. मी वायरलेसपर्यंत आलो तेव्हा थांबलं.

"कोणता वार म्हणले?"

"सोमवार. चुकला, वहिनी. त्यांचा तर गुरुवार."

त्यांनी सुईखालची साडी सोडवून घेतली. घडी घातली.

"सोमवार माझ्या माहेरचा हाय," त्या म्हणाल्या. "लग्न ठरायच्या आधी हे तिथं बाजाराला यायचे. काम काई न्हाई. आमच्या घरासमोर मिरच्यावाली बसायची, तिच्याकडून मिरच्या घ्यायचे. दर सोमवारी. सासूबाई वरडायच्या, एवढ्या मिरच्यांचं करू काय म्हणून."

"म्हंजे पिलेले नव्हते."

"न्हाई."

"गावात हे कोण सांगंल?"

मी सांगतो, असं म्हणालो. ते सांगणं म्हणजे हे लिहिणं.

आता पोरांना उत्तर. भर दुपारी तुमचं उत्तर चुकलं हे ओळखणारा माणूस ज्या शहरात शेजारी आहे, ते शहर चांगलं. एसी, रस्ते, पगार त्याच्या मागून. एजंटला हा एक प्रश्न विचारा. माझ्या जोडीला कोण असेल? तो सांगू शकला नाही तर उठून या.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला. तुमच्या क्लासच्या, बँकेच्या, सोसायटीच्या गेटवर, एटीएमच्या दारात एक माणूस उभा आहे. त्याला केबिनमध्ये पंखा आणि पाणी द्या, हे तर मागतोच आहे. पण त्याआधी एक करा. सकाळी, ऊन चढायच्या आधी त्याला त्याच्या गावच्या बाजाराचा वार विचारून ठेवा. दुपारी पुन्हा विचारा. वार चुकला, किंवा तो उगाच चिडला, तर त्याला प्यायलेला म्हणू नका. सावलीत आडवा करा, बूट काढा, मानेला आणि काखेत ओलं कापड लावा, दवाखान्यात न्या.

हवालदार मन्मथ यांचा वार गुरुवार होता. हे त्या गोदामात एकालाही माहीत नव्हतं. तुमच्या गेटवरच्या माणसाचा वार तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर उद्या सकाळी आत जायच्या आधी थांबा आणि विचारा.