आईच्या खोलीतला कुबट वास

सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या घरात एसी फक्त आईच्या खोलीत आहे. तिला दमा आहे. बाहेरची धूळ आत नको म्हणून डॉक्टरांनी खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या, तेव्हा तो घेतला. आई दिवसभर तिथेच बसून साड्यांना लेस लावायची.

श्रावणात खोलीला कुबट वास येऊ लागला, ओल्या गोणपाटासारखा. एसी ज्याने बसवला होता तोच मेकॅनिक आला. त्याने जाळी नळाखाली धरली, आत सुगंधी फवारा मारला आणि म्हणाला, "हो गया, माजी. अब गुलाब आएगा." तिसऱ्या दिवशी गुलाब आणि गोणपाट दोन्ही यायला लागले. आईचा खोकला वाढला. त्याला आणखी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा फवाराच.

मग मोठ्या भावाने मनावर घेतलं. तो वीस वर्षं यंत्रमागावर आहे. तिथे पाळी संपली की ब्लोअरने मागावरची धाग्यांचा कीस उडवतात.

"हवा मारली की मशीन मोकळं," तो म्हणाला. "त्या फवारेवाल्याची गरज काय?"

त्याने कारखान्यातला ब्लोअर आणला, एसीचं झाकण काढलं आणि हवा मारली. स्टूल मी धरलं होतं. मागावरचा कचरा कोरडा असतो. हा ओला होता, बुरशीचा. काळे कण भिंतीवर, साड्यांवर, अंथरुणावर पडले. आई दारातच उभी होती.

"बंद कर भो, माले दम लागस," ती म्हणाली. पुढचं तिला बोलता आलं नाही.

तासाभरात ती दवाखान्यात नाकावर वाफेचा मास्क लावून बसली होती. भाऊ बाहेर पायरीवर. "मला अक्कल नाही," तो म्हणाला. मी त्याची समजूत काढली नाही. स्टूल धरणाऱ्यालाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं आणि या वेळी शेजारी उभा राहिलो. आतल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर काळा थर होता. पाणी बाहेर नेणारी नळी मध्येच वर चढवली होती, त्यामुळे पाणी आतच साचत होतं. ती नळी त्यानेच बसवली होती.

"साहब, सूरत की हवा में ये सबके यहाँ होता है."

मी एसी चालू करायला लावला, खिडकी आणि दार लावून घेतलं. "दस मिनट बैठो. मेरी माँ दिन भर बैठती है."

तो हसला. मी हसलो नाही. चौथ्या मिनिटाला त्याने उठून खिडकी उघडली.

"क्यों? सबके यहाँ होता है ना?"

त्याने पंखा काढून गच्चीवर नेला, घासून धुतला, नळीला उतार दिला. पहिल्याच दिवशी करायचं काम होतं ते.

वास गेला. आई आता बाहेर, ओट्यावर, रिक्षांच्या धुळीत बसून लेस लावते. आत ये म्हटलं की आधी छातीवर हात ठेवते, मग नाही म्हणून मान हलवते.