जेवणानंतर शिकवायचं राहिलं ते

शाळांतल्या नर्सना टाईप वन डायबेटीस शिकवायचं काम माझ्याकडं आहे. या पोरांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, रोज टोचावं लागतं. टोचलं आणि पोर जेवलं नाही, तर साखर इतकी उतरते की जिवावर बेततं. ते उतरणं ओळखायला शिकवणं, हेच माझ्या शिबिरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम.

आणि त्या दिवशी नेमकं तेच राहिलं. का? तर पाहुणे दीड तास उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, नारळ. पाहुण्यांनी ‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ यावर पाऊण तास खाल्ला. मी कडेला उभी राहून दात-ओठ खात होते. कसंबसं सुई भरून टोचायचं तेवढं शिकवून झालं. साखर उतरली तर काय, ते जेवणानंतर, म्हटलं.

जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. गगनबावड्याकडच्या निवासी शाळेतली सिस्टर पिशवी काखेत मारून उभीच.

“मॅडम, येष्टी चुकली तर मुक्कामच की!”

“जावा. फोनवर सांगते,” म्हणाले. सांगितलं नाही. विसरले. लाज वाटते लिहायला, पण विसरलेच.

दहाव्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात वॉर्डात होते, तर तिचाच फोन. “मॅडम, सहावीतली डायबेटीसची पोरगी घामानं भिजलीया. थरथराय लागलीया, काय बी बडबडतीया. शुगर लई वाढलीया वाटतं. सुई भरून घेतलीया, किती टोचू?”

“टोचू नका!” मी किंचाळले. “उतरलीय तिची साखर! गिळतीय का? मग साखरपाणी पाजा, आत्ताच्या आत्ता!”

“साखर? शुगरच्या पेशंटला?”

“होय, साखरच! पाया पडते तुमच्या!”

फोन कट. परत लावला, लागेना. शाळेचा दुसरा नंबर, तोही लागेना. तिकडं पाऊस लागला की रेंजचा काय भरवसा! तिनं शेवटचं ऐकलं की नाही, देव जाणे. भरलेली सुई तिच्या हातात होती आणि ती भरायला मीच शिकवली होती. वॉर्डातल्या बायका बघत होत्या, मी फोनवर फोन लावत रडत होते. अंबाबाई, एवढी पोरगी वाचव गं, माझं काय वाट्टेल ते कर.

अर्ध्या तासानं फोन वाजला.

“उठून बसलीया, मॅडम. चपाती खातीया.”

मी अंबाबाईला हात जोडले. तर पलीकडं ती हुंदके द्यायला लागली.

“अहो, आता काय झालं?”

“तुमास्नी फोन करायच्या आधी तासभर ‘साखर द्या, साखर द्या’ म्हणून माज्या मागं लागलेली, मॅडम. पथ्य मोडतीस व्हय, म्हणून मी तिच्या थोबाडीत दिली. दोनदा.”