हुकावरची पिशवी

"मॅडमचा आवाज वायरलेसवर टाका, तरच ऐकू येईल," हवालदार ठाणे अंमलदारांना म्हणाले. मी दाराबाहेरच उभी होते. आता खातं सोडलंय, पण ते प्रकरण आठवलं की आधी हेच वाक्य कानात येतं.

मी नवी फौजदार. इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत बोलायला बिचकणारी. ठाण्याच्या आवारात गंगापूरकडची जीपभर माणसं जमली होती. त्यांच्या वडिलांना खासगी दवाखान्यात सलाईन जास्त गेलं, फुप्फुसांत पाणी झालं आणि ते अत्यवस्थ झाले.

"सिस्टरनं मुद्दाम सोडलं! आमचं भांडण झालं व्हतं तिच्याशी. अटक करा तिला," थोरला मुलगा ओरडत होता.

आत बाकावर सिस्टर रडत होती. "मी हात लावला नाही, मॅडम. सलाईन मशीनच कमीजास्त करतं."

साहेबांनी मला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी यंत्र समजावलं. लघवीची पिशवी यंत्राच्या हुकाला टांगलेली असते. तिचं वजन वाढलं नाही, तर शरीराला पाणी कमी पडतंय असं धरून यंत्र सलाईन वाढवतं. "पण यंत्रात बिघाड नाही आणि पिशवी तर भरलेली होती," ते म्हणाले.

मी खोलीत शिरले. ऑक्सिजनवरच्या सासऱ्यांजवळ थोरली सून बसली होती. मला पाहताच तिनं आधी पिशवीवर टॉवेल टाकला.

मी जबाबाचे कागद बाजूला ठेवले आणि तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळानं विचारलं, "काल पाहुणे आले होते का?"

तिचा चेहरा उतरला. "व्याही आले व्हते. मामंजींची लघवी त्यांच्या डोळ्यांपुढं लटकलेली... लई लाज वाटली, मॅडम. पिशवी काढून पलंगाखाली सरकवली. मशीन कोकलायला लागलं की बटण दाबायची. ते गेल्यावर पुन्हा टांगली." मग म्हणाली, "सिस्टरला सोडा. मी सांगते समद्यांना. तुम्ही जवळ उभं राहा फक्त."

गुन्हा लपवणारा आणि लाज झाकणारा, दोघं सारखेच घाबरलेले दिसतात. त्यांच्यातला फरक गप्प बसून पाहिला तरच कळतो. नोकरीत पुढं पुष्कळ तपास केले, पण सर्वांत जास्त अभिमान मला याच तपासाचा आहे. तिचे सासरेही त्या दुखण्यातून उठले.

ठाण्याच्या आवारात सून सगळ्यांसमोर म्हणाली, "पिशवी मी काढली व्हती."

नवऱ्याचा हात वर गेला. हवालदार पायरीवर उभे होते. माझा आवाज फाटकापर्यंत गेला.

"हात खाली! तुमच्या वडिलांची लाज राखायला गेली ती. पिशवी हलवू नका, हे दवाखान्यात तुम्हांला कोणी सांगितलं होतं का? आधी सिस्टरची माफी मागा, आणि हिला मानानं घरी न्या."