कागदवाले मास्तर आणि माझी नोटीस

कराडपासून सांगलीपर्यंत भिंतीवर डकवलेला एकही सरकारी कागद जागेवर टिकला नाही, आणि त्याला एकच माणूस जबाबदार आहे: आमचे कागदवाले मास्तर. मुदत संपलेली नोटीस दिसली की हे धावती एसटी थांबवून उतरणार, ओल्या फडक्यानं ती अलगद सोडवणार आणि मिटलेल्या छत्रीत गुंडाळून ठेवणार. पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. मास्तर चिंब, कागद कोरडे!

त्यांचं काम शाळामास्तरांनाच शिकवायचं, नागरिकशास्त्र कसं शिकवावं ते. सुट्टीत साताऱ्याला शिबिर भरवायचे आणि पाठ्यपुस्तकं दाराबाहेर चपलांशेजारी ठेवायला लावायचे. म्हणायचे, "पुस्तकातली पंचायत कुणाचा कट्टा पाडत नाही. खरी पाडते. तिचा कागद वाचा."

तो पाडलेला कट्टा माझा. डोक्यावर दोरखंडाची भेंडोळी वाहून बाजार केले, तेव्हा कुठं गावच्या बाजारात, पंचायतीनं दिलेल्या जागेवर, दगडी कट्टा बांधला होता. रस्त्यात येतो म्हणून पंचायतीनंच नोटीस धाडून पाडला. तीन वर्षं ती नोटीस मी भेटेल त्याच्या नाकासमोर नाचवत होतो. मास्तरांनी शिबिरासाठी मागितली. मी सौदा मांडला, "देतो. पन पुढची खुर्ची पायजे, आन् मला बोलू द्यायचं."

"खुर्ची देतो. बोलायचं मात्र विचारलं तरच."

एवढं चिवट गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटलं नव्हतं.

शिबिरात नोटीस चाळीस जणांच्या हातांतून फिरली. मास्तरांचे प्रश्न ठरलेले: कुणी लिहिलं? कधी लिहिलं? कागद काय करा म्हणतो? पाटणच्या एक बाई उठल्या. "आवं शेठ, नोटीस गुरुवारची हाय. कट्टा कवा पाडला?"

"फुडच्याच गुरुवारी! भर बाजारात!"

"म्हंजे आठ दिवसांत? आन् हितं तर हरकत घ्यायला पंधरा दिवस दिल्यात!"

खोली उसळली. दोन गुरुजी तर बाकावर चढले. मी ओरडलो, "तीन वर्सं माझ्या खिशात व्हतं की वं हे!"

"खिशात होतं," मास्तर म्हणाले. "वाचलं कुठं होतंत?"

असा संताप आला! त्यात हे अर्जही लिहून देईनात. "ही मंडळी शिकायला आलीत, तुमची वकिली करायला नाही. घ्या पेन." रागारागात चार वेळा खोडून अर्ज लिहिला. त्यातल्या चुका सगळ्या खोलीनं मिळून काढल्या. त्या अर्जावर पंचायतीला जागा परत द्यावी लागली. आज मी तिथंच नव्यानं बांधलेल्या कट्ट्यावर बसून हे लिहितोय.

नोटीस मात्र मास्तरांनी परत केली नाही ती नाहीच. मागितली की म्हणायचे, "अजून एकच शिबिर." पुढं निवृत्त होऊन ते सांगलीला लेकीकडे गेले, छत्रीसकट. दर दिवाळीला त्यांचं पोस्टकार्ड येतं, एका ओळीचं: नोटीस सुखरूप आहे. मीही उलट टपाली भांडतो.

यंदा कार्ड आलं नाही. सकाळच्या सांगली गाडीची वेळ विचारून आलोय. नोटीस वसूल करायला जातोय, असंच घरी सांगितलंय.