तालमीच्या उंबऱ्याबाहेर

सगळं बऱ्हाणपूर माझ्या भावाला पैलवान म्हणायचं. कुस्ती मारली की तो आधी हरलेल्याला हात देऊन उठवी, त्याच्या पाठीची माती झाडी आणि मगच लोकांकडे पाही. आई म्हणायची, "अंगात हत्तीचं बळ अन् सोभाव गाईचा."

आम्ही निंबोल्याचे. वडिलांनी त्याला लहानपणीच शहरात वस्तादांच्या तालमीत घातलं. पुढे एका छोट्या संस्थानाच्या राजेसाहेबांनी त्याचा खुराक लावून दिला. मग संस्थानं विलीन झाली आणि खुराक बंद झाल्याचं पत्र आलं. दादा चिडला नाही. "राजाचंच राज गेलं व बाई, माह्या दुधाचं काय घेऊन बसली?" एवढंच म्हणाला.

त्याच वर्षी दादाला न्यायला मुंबईहून एक माणूस आला. तिकडे तिकीट लावून फ्रीस्टाइल लढती होत. कुस्तीचे डाव चालत, शिवाय ठोसे, लाथा, गुडघेही चालत. दादा वस्तादांना विचारायला गेला. तालमीत बायकांना मनाई, म्हणून मी दाराशी उभी होते.  वस्ताद म्हणाले, "पोटासाठी जातोस, रोकणार नाही. पण माणसाला ठोसा मारलेला हात या मातीला लावायचा नाही." दादा पाया पडला आणि गेला.

चार वर्षांत तो अजिंक्य ठरला. कमरेला पट्टा बांधलेला त्याचा फोटो पेपरात आला. पत्रात मात्र जिंकल्याची एखादी ओळ, बाकी चौकशी तालमीची. मातीत ताक-तेल घातलं का? वस्तादांचा गुडघा कसा आहे? एकदा त्यानं लिहिलं होतं, "इथे खाली ताडपत्री असते. पडलं तरी अंगाला कशाचा वास लागत नाही."

कायमचा परत आला तेव्हा गावानं मिरवणूक काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नारळ घेऊन तालमीत गेला. वस्ताद उंबऱ्यापर्यंत आले. त्याचे दोन्ही हात धरून वाकडी झालेली बोटं चाचपत राहिले. डोळे भरले, पण ते दारातून बाजूला झाले नाहीत. "बाहेर बैस," म्हणाले, "चहा सांगतो."

तेव्हापासून दादा रोज बाहेरच्या ओट्यावर बसे. तिथूनच आतल्यांना सांगे, "कंबर खाली. घाई नको." वस्ताद उंबऱ्याच्या आत, हा बाहेर, असा दोघांचा चहा होई. अशी नऊ वर्षं गेली.

वस्ताद गेले तेव्हा दादानं खांदा दिला. तेराव्यानंतर तालमीतले लोक म्हणाले, "पैलवान, आता आत या. आता कोण रोकणार?"

"रोकणारा होता तोवर आशा होती," दादा म्हणाला. "हो म्हणणाराही तोच होता."

माझं सासर तालमीमागच्या गल्लीत. माझ्याकडे जेवायला यायची वाट तालमीवरूनच. त्या दिवसापासून तो बाजाराकडून मोठा वळसा घालून येऊ लागला. भाकरी निवून जायची. उशीर का झाला, हे मी त्याला कधी विचारलं नाही.