फडक्यावरचा काळा रंग

बाबा गेल्यावर त्यांनी जपलेलं चांदीचं स्मृतिनाणं मी एका जाणकार संग्राहकांना दाखवायला नेलं. भिंगातून ते बराच वेळ बघत राहिले.

“याचा रंग कुठं गेला? जुन्या चांदीला कडेनं निळसर काळी झाक येते. ती चढायला वर्षं लागतात.”

“कालच फडक्यावर दंतमंजन घेऊन घासलं,” मी म्हणाले. “तुम्हाला दाखवायचं म्हणून.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. नाणं लखलखत होतं आणि कुणाचंच वाटत नव्हतं. गेलेल्या माणसाच्या वस्तू आपण मायेनंच स्वच्छ करतो. बाबांचा शेवटचा सदराही मी असाच धुऊन, इस्त्री करून ठेवला होता.

घरी आले, तर मोरीजवळ ते फडकं पडलेलं. बाबांची सगळी वर्षं त्यावर काळी उतरली होती. ते मात्र मी अजून धुतलेलं नाही.